खाणीपासून बंदरापर्यंत : आफ्रिकेची अर्थकथा

प्रस्तावना

एखाद्या प्रदेशाचा आर्थिक इतिहास समजून घेताना आकडेवारीच्या कोष्टकांइतकाच त्या प्रदेशाचा नकाशाही उपयोगी पडतो. आफ्रिका खंडातील जुन्या रेल्वेमार्गांचा नकाशा पाहिला, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. बहुतेक मार्ग किनाऱ्यावरील एखाद्या बंदरापासून निघतात, आतल्या भागातील खाणीपर्यंत किंवा मळ्यांच्या प्रदेशापर्यंत जातात आणि तेथेच संपतात. शेजारच्या दोन देशांना जोडणारे मार्ग फारच थोडे आहेत. असे का झाले? या रचनेचे आफ्रिकेच्या जीवनावर कोणते परिणाम झाले? ती बदलण्याचे कोणते प्रयत्न झाले? या प्रश्नांची उत्तरे प्रस्तुत लेखात शोधली आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• आफ्रिकेच्या आधुनिक आर्थिक इतिहासातील प्रमुख टप्पे सांगता येतील;
• कच्च्या मालाच्या निर्यातीवर अवलंबून राहण्याचे परिणाम स्पष्ट करता येतील;
• आर्थिक विषयावरील माहितीपर लेखनाची भाषा व मांडणी ओळखता येईल.

पाठ

१. व्यापाराचे जुने मार्ग

आफ्रिकेचा बाहेरील जगाशी असलेला व्यापार युरोपीय जहाजे येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. पश्चिम आफ्रिकेतील सोने उंटांच्या तांड्यांवर लादून सहारा वाळवंट ओलांडत उत्तरेला जाई आणि परतीच्या वाटेवर मीठ, कापड व घोडे येत. तिंबक्तूसारखी शहरे याच व्यापारावर भरभराटीला आली आणि पुढे विद्येची केंद्रे म्हणूनही गाजली. पूर्व किनाऱ्यावर किल्वा, मोंबासा, मालिंदी ही बंदरे होती. मोसमी वाऱ्यांच्या साहाय्याने अरबस्तानातील व गुजरातेतील गलबते तेथे जात. हस्तिदंत व सोने घेऊन ती परतत आणि भारतीय सुती कापड व मणी तेथे उतरवत. १४९८ साली वास्को द गामाला कालिकतचा मार्ग दाखवणारा वाटाड्या मिळाला, तो मालिंदीतच.

या व्यापारात अन्याय नव्हता, असे म्हणता येणार नाही. सहारामार्गे आणि हिंदी महासागरमार्गे गुलामांची विक्री त्या काळीही होत असे. तथापि बाजार कोठे भरावा, जकात किती घ्यावी, परदेशी व्यापाऱ्याने कोठपर्यंत यावे, या गोष्टी बव्हंशी स्थानिक राजे आणि नगरे ठरवत. व्यापाराच्या अटी आपल्या हाती असणे आणि त्या दुसऱ्याने लादणे यांतील फरक पुढील चारशे वर्षांत आफ्रिकेला फार महागात पडला.

२. माणसांचा व्यापार

अटलांटिक महासागराच्या पलीकडे ब्राझील व कॅरिबियन बेटांवर युरोपीयांनी उसाचे मळे उभारले. त्या मळ्यांना मजूर हवे होते. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी स्त्री-पुरुषांना जहाजांत कोंबून पलीकडे नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत पोहोचले. उरलेले प्रवासातच मृत्यू पावले. किनाऱ्यापर्यंत आणताना जे मेले, त्यांची गणती यात नाही.

या व्यापारात आफ्रिकेतील काही राजे व व्यापारीही सामील होते, हे इतिहासाने नोंदवले आहे. त्याचबरोबर विरोधाचे आवाजही होते. काँगोच्या राज्याचा राजा अफोन्सो याने १५२६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्रे लिहून आपली प्रजा पळवली जात असल्याची तक्रार केली होती. तिचा उपयोग झाला नाही.

या व्यापाराची आर्थिक बाजू नीट पाहिली पाहिजे. गुलामांच्या मोबदल्यात बंदुका, दारू, धातूच्या वस्तू, मालदीवहून आलेल्या कवड्या आणि मोठ्या प्रमाणावर भारतीय कापड दिले जाई. म्हणजे आफ्रिकेतून जात होती ती काम करण्याच्या वयातील माणसे आणि येत होत्या त्या उपभोगाच्या किंवा युद्धाच्या वस्तू. बंदूक असलेले राज्य शेजाऱ्यावर चढाई करी, कैदी विकून आणखी बंदुका घेई आणि शेजाऱ्यालाही स्वसंरक्षणासाठी त्याच मार्गाने जावे लागे. अशा असुरक्षित वातावरणात शेती वाढवणे किंवा एखादा कसबी उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालवणे कठीण झाले.

१८०७ साली ब्रिटनने गुलामांचा व्यापार बेकायदेशीर ठरवला आणि १८३३ साली आपल्या बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. युरोपातील कारखान्यांना आता दुसऱ्या गोष्टी हव्या होत्या. यंत्रांना वंगण, तसेच साबण व मेणबत्त्या यांसाठी पामतेल आणि भुईमूग यांची मागणी वाढली. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हा नवा व्यापार सुरू झाला. परंतु मालाचे स्वरूप बदलले, तरी त्याची दिशा तीच राहिली. इतकेच नव्हे, तर हा माल पिकवण्यासाठी व वाहून नेण्यासाठी आफ्रिकेच्या अंतर्भागात गुलामांचा वापर काही ठिकाणी वाढलाच.

३. नकाशावरच्या रेघा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपीयांची सत्ता मुख्यतः किनाऱ्यापुरती होती. हिवतापावर क्विनीनचा उपाय, नदीतून चालणारी आगबोट आणि नव्या जलद बंदुका यांमुळे ते खंडाच्या आत शिरू शकले. नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ या काळात बर्लिन येथे १४ राष्ट्रांची परिषद भरली. आफ्रिकेत व्यापार कसा करावा आणि एखाद्या प्रदेशावरील ताबा केव्हा मान्य करावा, याचे नियम तेथे ठरले. त्या परिषदेत एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. १९१४ पर्यंत इथिओपिया आणि लायबेरिया यांचा अपवाद वगळता जवळजवळ सारा खंड युरोपीय सत्तांच्या अमलाखाली गेला. इथिओपियाने १८९६ साली अडोवाच्या लढाईत इटलीचा पराभव करून आपले स्वातंत्र्य राखले.

ताबा मिळवण्यासाठी नेहमी सैन्यच आधी पाठवावे लागले, असे नाही. कधी कर्जही पुरेसे ठरले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि ब्रिटनच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. तेव्हा कापसाचे भाव गगनाला भिडले. मुंबईत याच काळात पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा माजला आणि १८६५ साली युद्ध संपताच अनेक पेढ्या बुडाल्या. इजिप्तमध्येही हीच तेजी आली होती. तेथील राज्यकर्ता इस्माईल याने कापसाच्या भरवशावर कालवे, रेल्वे व राजवाडे यांसाठी युरोपीय सावकारांकडून प्रचंड कर्जे काढली. भाव उतरले, पण कर्ज उरले. १८७५ साली त्याला सुएझ कालव्यातील आपले भाग ब्रिटनला विकावे लागले. पुढच्याच वर्षी कर्जफेड थांबली आणि १८८२ साली ब्रिटिश सैन्याने देश ताब्यात घेतला.

काँगोची कहाणी याहून भयंकर आहे. १८८५ पासून हा अफाट प्रदेश बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जणू खाजगी मालमत्ता होता. सायकलींना व मोटारींना हवेने भरलेले टायर बसू लागले, तशी रबराची मागणी वाढली. रानातील रबर गोळा करण्यासाठी गावोगावच्या लोकांना ओलीस धरून, फटके मारून, हात तोडून कामाला जुंपण्यात आले. जहाज कंपनीत नोकरी करणाऱ्या एडमंड मोरेल याच्या लक्षात आले, की काँगोहून येणारी जहाजे रबर व हस्तिदंताने भरलेली असतात आणि परत जाताना त्यांत मुख्यतः बंदुका व दारूगोळा असतो. मोबदल्याचा माल जातच नसेल, तर हा व्यापार नसून लूट आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याने उभारलेल्या चळवळीमुळे जगभर संताप उसळला आणि १९०८ साली लिओपोल्डला आपला ताबा सोडावा लागला.

पाठगत प्रश्न
१) गुलामांच्या व्यापारामुळे आफ्रिकेतील शेती व उद्योग यांची वाढ का खुंटली?
२) जहाजांतील मालावरून मोरेलने कोणता निष्कर्ष काढला?

४. कर, जमीन आणि मजूर

स्वतःची जमीन कसून पोट भरणारा शेतकरी परक्याच्या खाणीत काम करायला सहसा तयार होत नाही. वसाहतींच्या सरकारांनी त्यासाठी एक साधी युक्ती योजली. प्रत्येक झोपडीवर कर बसवला आणि तो रोख पैशातच भरला पाहिजे, असा नियम केला. धान्य किंवा गुरे चालत नसत. रोख पैसा मिळवण्याचे मार्ग दोनच होते : निर्यातीचे पीक काढणे किंवा गोऱ्यांच्या खाणीत व मळ्यात मजुरी करणे. या कराविरुद्ध ठिकठिकाणी उठाव झाले. सिएरा लिओनमध्ये १८९८ साली झालेला संघर्ष त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे.

दक्षिण आफ्रिकेत हे तंत्र सर्वांत कठोरपणे राबवले गेले. तेथे किंबर्ले येथे हिरे सापडले आणि १८८६ साली विटवॉटर्सरँड येथे सोने सापडले. तेथील सोन्याचे दगड खोल जमिनीखाली होते आणि त्यांत सोन्याचा अंश अल्प होता. सोन्याची किंमत तर जगभर ठरलेली. तेव्हा नफा वाढवायचा तर मजुरी कमी ठेवण्यावाचून मार्ग नव्हता. १९१३ च्या जमीन कायद्याने बहुसंख्य आफ्रिकी जनतेसाठी देशातील सुमारे ७ टक्के जमीनच राखून ठेवली. पुरुष खाणीजवळच्या आवारांत एकटे राहत आणि बायकामुले दूर गावी तुटपुंज्या जमिनीवर गुजराण करत. कुटुंब पोसण्याचा भार गावावर पडल्याने कंपन्यांना मजुरी कमी देता येई. १९११ ते १९६९ या काळात महागाई लक्षात घेतली, तर काळ्या खाणकामगारांची रोख मजुरी वाढलीच नाही.

माल बंदरापर्यंत नेण्यासाठी लोहमार्ग घातले गेले. मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर हा मार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. त्यासाठी सुमारे ३२ हजार मजूर ब्रिटिश हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे अडीच हजार मरण पावले. काही तेथेच स्थायिक झाले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून गेलेल्या भारतीय दुकानदारांनी आतल्या गावांपर्यंत बाजारपेठ नेली. १९२० पर्यंत त्या भागात भारतीय रुपयाच चलन म्हणून चालत असे. पैशाला स्वाहिली भाषेत आजही ‘पेसा’ म्हणतात.

हे मार्ग एका सत्तेच्या एका बंदरासाठी बांधलेले होते. त्यांचा एकमेकांशी मेळ घालण्याचा विचार झाला नाही. ब्रिटिशांच्या गोल्ड कोस्टमध्ये रुळांमधील अंतर साडेतीन फूट होते, तर लगतच्या फ्रेंच आयव्हरी कोस्टमध्ये ते एक मीटर होते. त्यामुळे पुढे शेजारी शेजाऱ्याला माल विकू म्हणाला, तरी एका देशाचा डबा दुसऱ्या देशाच्या रुळांवरून धावू शकत नव्हता.

५. कोकोचे शेतकरी

आफ्रिकी माणूस या इतिहासात केवळ सोसणारा होता, असे समजणे चुकीचे ठरेल. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथील कोकोचा इतिहास त्याची साक्ष देतो. कोको हे मूळचे अमेरिका खंडातील झाड. टेटे क्वार्शी या कारागिराने १८७९ च्या सुमारास फर्नांडो पो बेटावरून त्याचे बी आणून लावले, असे घानामध्ये आदराने सांगितले जाते. पुढे हजारो शेतकऱ्यांनी आपल्या बचतीतून, कित्येकदा गट करून, दूरच्या जंगलात जमिनी विकत घेतल्या आणि कोकोची लागवड केली. यामागे ना गोऱ्यांचे मळे होते, ना सरकारी सक्ती. १९११ पर्यंत हा छोटा प्रदेश कोको उत्पादनात जगात पहिला झाला.

पिकवणे शेतकऱ्याच्या हाती होते. भाव मात्र खरेदी करणाऱ्या मोजक्या युरोपीय कंपन्या ठरवत. १९३७ साली या कंपन्यांनी आपापसांत करार करून भाव पाडले. तेव्हा शेतकऱ्यांनी कोको विकणेच बंद केले आणि परदेशी मालावर बहिष्कार घातला. १९३८ पर्यंत महिनोन्‌महिने हा लढा चालला. अखेर सरकारला मध्ये पडावे लागले. १९४७ साली कोको पणन मंडळ स्थापन झाले. शेतकऱ्याला ठरलेला भाव द्यावा आणि जगातील भावातील चढउतारांपासून त्याचे रक्षण करावे, हा त्याचा उद्देश होता. प्रत्यक्षात जगातील भाव चढा असतानाही शेतकऱ्याला कमीच रक्कम मिळे आणि फरकाची शिल्लक लंडनमध्ये पडून राही. स्वातंत्र्यानंतर नव्या सरकारांनीही हीच मंडळे चालू ठेवली. त्यांतील पैसा आता देशाच्या तिजोरीत येऊ लागला, पण शेतकऱ्याचा वाटा फारसा वाढला नाही.

६. स्वातंत्र्य आणि मोठ्या योजना

६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. १९६० या एकाच वर्षी १७ आफ्रिकी देशांनी स्वातंत्र्य मिळवले. नव्या नेत्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसत होती : कच्चा माल विकून पक्का माल विकत घेणारा देश राजकीयदृष्ट्या स्वतंत्र झाला, तरी आर्थिकदृष्ट्या परावलंबीच राहतो.

घानाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी व्होल्टा नदीवर अकोसोंबो येथे मोठे धरण बांधले. त्यासाठी सुमारे ८० हजार लोकांना घरेदारे सोडावी लागली. या विजेवर ॲल्युमिनियमचा कारखाना चालावा आणि देशातील बॉक्साइट देशातच वापरले जावे, असा हेतू होता. परंतु भांडवल पुरवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांनी अर्धप्रक्रिया केलेला अल्युमिना परदेशातून आणणेच पसंत केले. घानाचे बॉक्साइट पूर्वीप्रमाणेच जहाजाने बाहेर जात राहिले. देशाच्या पदरात वीज पडली, पण अपेक्षित उद्योगसाखळी उभी राहिली नाही. त्यातच १९६५ साली कोकोचे भाव कोसळले आणि १९६६ च्या फेब्रुवारीत लष्कराने एन्क्रुमांची सत्ता उलथवली.

टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे यांनी १९६७ साली अरुशा येथील जाहीरनाम्यात स्वावलंबन व सामूहिक शेती यांचा मार्ग स्वीकारला. शाळा व साक्षरता यांत देशाने मोठी मजल मारली. मात्र विखुरलेल्या शेतकऱ्यांना सक्तीने नव्या गावांत हलवल्याने शेतीचे नुकसान झाले. याच काळात एक उल्लेखनीय काम झाले. शेजारच्या झांबियाला समुद्रकिनारा नाही. त्याचे तांबे दक्षिणेकडील गोऱ्या राजवटींच्या प्रदेशांतून बाहेर जाई. त्यांच्यावरील हे अवलंबन तोडण्यासाठी चीनच्या मदतीने १९७० ते १९७५ या काळात दार एस सलामपर्यंत सुमारे १८६० किलोमीटरचा लोहमार्ग बांधला गेला. दोन स्वतंत्र आफ्रिकी देशांनी आपल्या गरजेसाठी घातलेला तो मार्ग होता. तरीही त्यावरून जाणारा मुख्य माल कच्चे तांबेच होते आणि त्याचा शेवटचा थांबाही बंदरच होता.

पाठगत प्रश्न
३) झोपडीकर रोख पैशातच का घेतला जाई?
४) अकोसोंबो धरणाचा हेतू पूर्णपणे सफल का झाला नाही?

७. कर्जाचा फास

१९७३ साली खनिज तेलाच्या किमती एकदम वाढल्या. पाठोपाठ तांब्याचे भाव कोसळले. झांबियाच्या निर्यातीत ९० टक्क्यांहून अधिक वाटा तांब्याचा असल्याने त्या देशाचे कंबरडेच मोडले. तूट भरून काढण्यासाठी अनेक देशांनी कर्जे काढली. पुढे व्याजदर वाढले आणि जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज घेण्याची वेळ आली.

१९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांनी नवी कर्जे देताना अटी घातल्या. चलनाचे अवमूल्यन करावे, सरकारी खर्च व अनुदाने कमी करावीत, आयातीवरील बंधने सैल करावीत, सरकारी उद्योग विकावेत, असे त्यांचे स्वरूप होते. काही देशांत महागाई आटोक्यात आली आणि निर्यातीच्या पिकांना बरा भाव मिळाला. पण अनेक ठिकाणी शाळा व दवाखाने यांत शुल्क लागू झाले आणि नुकतेच उभे राहिलेले कारखाने स्वस्त आयात मालापुढे टिकले नाहीत. जानेवारी १९९४ मध्ये फ्रान्सच्या चलनाशी जोडलेल्या सीएफए फ्रँकचे मूल्य एका झटक्यात निम्मे करण्यात आले.

दोष केवळ बाहेरचा नव्हता. काँगोमध्ये मोबुटू यांच्या दीर्घ राजवटीत खाणींचा पैसा सत्ताधाऱ्यांच्या खिशात गेला. १९७२ साली युगांडाचे लष्करशहा इदी अमीन यांनी भारतीय वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावले. त्याबरोबर देशाचा व्यापार व उद्योगही कोलमडला. नायजेरियात १९५६ साली खनिज तेल सापडले होते. त्या संपत्तीने राजधान्या श्रीमंत केल्या, तर तेल असलेल्या त्रिभुज प्रदेशातील नद्या व शेती दूषित झाली. पुढे १९९६ मध्ये सुरू झालेल्या आणि २००५ मध्ये विस्तारलेल्या कर्जमाफीच्या योजनांमुळे अनेक गरीब देशांचा भार बराच हलका झाला.

८. दोन वेगळ्या वाटा

परिस्थिती सारखी असली, तरी परिणाम सारखेच होतात, असे नाही. बोत्स्वाना १९६६ साली स्वतंत्र झाला, तेव्हा तेथे डांबरी रस्ता जेमतेम १२ किलोमीटर होता. पुढच्याच वर्षी हिरे सापडले. ते ज्या भागात सापडले, तो देशाचे पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच जमातीचा होता. परंतु खनिजांवर जमातींचा नव्हे, तर साऱ्या देशाचा हक्क राहील, असा कायदा झाला होता. सरकारने परदेशी कंपनीशी चिकाटीने वाटाघाटी करून खाणींत निम्मी मालकी मिळवली आणि उत्पन्नातून रस्ते, शाळा व आरोग्यसेवा उभ्या केल्या. बोत्स्वाना अनेक दशके जगातील सर्वांत वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांपैकी एक होता. मात्र तेथील विषमता मोठी आहे. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांमुळे खाणीतील हिऱ्यांची मागणी अलीकडे घटली आहे. एकाच वस्तूवर अवलंबून राहण्याचा धोका चांगल्या कारभाराच्या देशालाही टाळता आलेला नाही.

हिंदी महासागरातील मॉरिशस हा आफ्रिकेचाच भाग मानला जातो. तेथील उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर मुदतीच्या कराराने नेण्यात आले. त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव आणि मराठी भाषा तेथे जपली आहे. १९६१ साली अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाच्या भवितव्याविषयी निराशेचा सूर लावला होता. साखर हेच एक पीक आणि लोकसंख्या भराभर वाढणारी, अशी तेव्हाची स्थिती होती. १९६८ साली स्वातंत्र्य मिळाले. १९७० साली निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या उद्योगांना सवलती देणारा कायदा झाला. युरोपात साखरेला मिळालेल्या चांगल्या भावातून साठलेले भांडवल कपड्यांच्या कारखान्यांत गेले आणि हजारो स्त्रियांना रोजगार मिळाला. पुढे पर्यटन व वित्तसेवा यांची भर पडली. एका पिकाच्या मिळकतीतून दुसरा उद्योग उभा करणे मॉरिशसला साधले, हे त्याच्या यशाचे मर्म आहे.

९. नव्या शतकातील आफ्रिका

२००९ पासून चीन हा आफ्रिकेचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार आहे. नवे रस्ते, धरणे व लोहमार्ग झाले. २०१७ साली केनियात मोंबासा ते नैरोबी हा नवा रुंद लोहमार्ग सुरू झाला. बंदरापासून आत जाणारी शंभर वर्षांपूर्वीची दिशाच त्याने अनुसरली. जगातील कोबाल्टच्या उत्पादनापैकी दोन तृतीयांशांहून अधिक काँगोतून येते. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या विजेरीत ते वापरले जाते. एके काळी रबराची जी जागा होती, ती आता कोबाल्टने घेतली आहे. २०२० साली झांबिया आणि २०२२ साली घाना यांना परदेशी कर्जाची फेड थांबवावी लागली, तेव्हा जुन्या दुखण्याची आठवण झाली.

त्याचबरोबर नव्या गोष्टीही घडत आहेत. २००७ साली केनियात ‘एम-पेसा’ ही मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाली. ज्या खेड्यात बँकेची शाखा कधी पोहोचली नव्हती, तेथील भाजीविक्रेत्या स्त्रीलाही पैसे साठवणे व पाठवणे शक्य झाले. कच्चे तेल विकून पेट्रोल आयात करणाऱ्या नायजेरियात लागोसजवळ २०२४ साली मोठा खाजगी तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला.

सर्वांत महत्त्वाचे पाऊल बाजारपेठेच्या एकीकरणाचे आहे. मार्च २०१८ मध्ये किगाली येथे आफ्रिकी देशांनी खंडव्यापी मुक्त व्यापार करारावर सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२१ पासून त्यानुसार व्यापाराला प्रारंभ झाला. एक देश वगळता खंडातील सर्व देश त्यात सहभागी होण्यास तयार झाले आहेत. आफ्रिकी देशांच्या एकूण व्यापारापैकी सुमारे १५ टक्केच व्यापार त्यांच्या आपापसांत होतो. घानातील चॉकलेट नायजेरियात आणि झांबियातील तांब्याची तार केनियात सहज विकली जाऊ लागली, तर तेथे कारखाना काढणे परवडू शकेल. छोट्या देशाच्या एकट्याच्या बाजारपेठेत ते परवडत नाही. २०२३ साली नवी दिल्ली येथील परिषदेत आफ्रिकी संघाला जी-२० गटाचे कायम सदस्यत्व मिळाले. ज्या खंडाची वाटणी त्याच्या गैरहजेरीत झाली होती, त्याला जागतिक अर्थकारणाच्या चर्चेत हक्काची जागा मिळाली.

आफ्रिकेची लोकसंख्या १४० कोटींच्या वर गेली असून तिच्यात तरुणांचे प्रमाण फार मोठे आहे. या तरुणांना काम मिळेल की नाही, हे खाणीतून किती माल निघतो, यापेक्षा त्या मालाचे रूपांतर कोठे होते, यावर अवलंबून राहील. त्यासाठी खाणीपासून बंदरापर्यंत जाणाऱ्या वाटेवर कारखाने उभे राहिले पाहिजेत आणि त्या वाटेला शेजारच्या देशाकडे जाणारे फाटे फुटले पाहिजेत. हे काम कराराच्या कागदावर सुरू झाले आहे. जमिनीवर ते अद्याप बरेच बाकी आहे.

शब्दार्थ

तांडा – एकत्र प्रवास करणाऱ्यांचा समूह
जकात – मालाच्या ने-आणीवरील कर
ओलीस – अट पूर्ण होईपर्यंत अडकवून ठेवलेली व्यक्ती
अवमूल्यन – चलनाचे मूल्य मुद्दाम कमी करणे
पणन – खरेदी-विक्रीची व्यवस्था
परावलंबी – दुसऱ्यावर विसंबून असलेला

स्वाध्याय

१) ‘मालाचे स्वरूप बदलले, तरी त्याची दिशा तीच राहिली.’ हे विधान पाठातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२) इजिप्त आणि मुंबई यांच्यावर कापसाच्या तेजीमंदीचे झालेले परिणाम तुमच्या शब्दांत लिहा.
३) गोल्ड कोस्टमधील कोको शेतकऱ्यांच्या लढ्याची माहिती द्या.
४) बोत्स्वाना व मॉरिशस यांच्या वाटचालीतील साम्य आणि फरक सांगा.
५) ‘कंबरडे मोडणे’ आणि ‘भाव गगनाला भिडणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
६) तुमच्या परिसरात पिकणारा किंवा खाणीतून निघणारा एखादा माल निवडा. तो कोठे जातो, त्यावर प्रक्रिया कोठे होते आणि त्यातील नफा कोणाला मिळतो, याची माहिती मिळवून १५ ओळी लिहा.